रत्नमालाबाई धावायला लागल्या

रत्नमालाबाई टेंभुर्णे साठीच्या होईपर्यंत त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं. दुर्ग स्टेशनात त्या बुकिंग क्लार्क होत्या. सगळी नोकरी तिकिटाच्या खिडकीमागे, एका लाकडी खुर्चीत गेली. ड्युटीवर जाताना समोर गाडी हलली तरी त्या कधी पळाल्या नाहीत. सुटली तर सुटली, पुढची येईल. स्वभावच तसा. कुणाशी वाद नाही, कशाचा हट्ट नाही. घरात काही ठरवायचं असलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "तुम्ही म्हणान तसं."

आमचं घर हुडको वसाहतीत त्यांच्या अगदी समोर. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि उरलेलं त्यांनीच मला फाटकाशी उभं राहून सांगितलं आहे.

त्यांचे यजमान अमरदीप हे इथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत प्लांटमध्ये, ब्लास्ट फर्नेसच्या मेंटेनन्सला होते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ॲम्ब्युलन्समध्ये स्वतः चढले, आतून हात केला, आणि तो शेवटचा. घरात राहिले दोघं जण. रत्नमालाबाई आणि त्यांचे सासरे धोंडबा. धोंडबा ऐंशीच्या पुढचे, तुमसरकडच्या खेड्यातून प्लांट उभा होत होता तेव्हा इथे आलेले, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर राबून निवृत्त झालेले. मुलगी अनुजा लग्न होऊन पुण्याला. धाकटा दीर सुमेध नागपूरला बँकेत.

सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की नोकरी संपली की रत्नमालाबाई मुलीकडे जातील आणि म्हातारबुवा सुमेधकडे. तसं कुणी बोलून दाखवलं नाही. नोकरी संपली, निरोपाचा कार्यक्रम झाला, आणि दोघंही जिथे होते तिथेच राहिले. त्या स्वयंपाक करत, धोंडबा दूध आणत. जेवताना बोलणं व्हायचं ते भाजीतल्या मिठाचं, नाहीतर नळ आज किती वाजता आला याचं. अमरदीपचं नाव दोघांपैकी कुणी काढत नसे. सासऱ्यांना त्या मामाजी म्हणत. मला एकदा म्हणाल्या होत्या, "मामाजींच्या समोर मी रडत नाही, अन् ते माझ्या समोर. मग दिवसभर बोलाचं काय?"

भिंगरी आली ती अशा घरात.

गल्लीच्या टोकाला पडलेल्या सिमेंटच्या पाइपात एका कुत्रीला पिल्लं झाली होती. धोंडबा रोज रात्रीची उरलेली पोळी तिला नेऊन घालत. थंडीत पिल्लं एकेक करून गेली, कुत्रीही कुठे दिसेनाशी झाली. एक तेवढं तांबूस पिल्लू उरलं आणि एका सकाळी धोंडबांच्या धोतराच्या सोग्यामागे चालत घरात आलं. अंगणात आल्या आल्या ते स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरायला लागलं. म्हातारबुवा पायरीवर बसले आणि म्हणाले, "हे त भिंगरीच हाय." नाव पडलं. रत्नमालाबाईंना कुत्र्यांची आवड मुळीच नव्हती. पण मामाजींनी कितीतरी महिन्यांनी स्वयंपाकघरात येऊन आपणहून दूध मागितलं होतं, तेही पिल्लासाठी. त्यांनी वाटी दिली.

पिल्लू होतं तोवर ठीक होतं. वर्षाची झाली आणि भिंगरी कुणाला आवरेना. ती वाईट नव्हती, कधी कुणाला चावली नाही. पण आनंद झाला की तिचं अंग तिच्या ताब्यात राहत नसे. आणि आनंद तिला कशानेही होई. दूधवाला आला, चपलेचा आवाज आला, वाऱ्यानं टॉवेल हलला. चारी पायांवर उसळायची, छातीवर उडी घ्यायची, तोंड चाटायची. रत्नमालाबाईंच्या दोन साड्या फाटल्या. माझ्या हातातलं ढोकळ्याचं ताट एकदा असं उडालं की ढोकळा मी तुळशीतून वेचला.

मग ऑगस्टमध्ये तो प्रकार झाला. गॅसवाला आला, धोंडबा फाटक उघडायला गेले. फाटकाची कडी वाजल्याबरोबर भिंगरी आतून सुटली आणि म्हाताऱ्याच्या दोन पायांमधून बाहेर निघाली. ते पायरीवर पडले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. गॅसवाल्यानं आणि मी मिळून त्यांना उचललं. भिंगरी तोपर्यंत परत येऊन त्यांचा कान चाटत होती. ते कण्हत कण्हत तिला म्हणत होते, "काई नाई झालं, काई नाई झालं."

दुसऱ्या दिवशी सुमेध नागपूरहून आला. चांगला मुलगा. आवाज चढवला नाही, वहिनीचे आभारच मानले. पण जे म्हणायचं ते म्हणाला.

"वहिनी, मनगटावर निभावलं. कंबरेचं हाड गेलं असतं तर? मी बाबाले घेऊन जातो. नाही तर हे कुत्रं तरी कुठं दूर सोडून या."

रत्नमालाबाईंच्या तोंडावर ते नेहमीचं वाक्य आलं होतं. त्या मला नंतर म्हणाल्या, "जिभेवर आलं होतं बघा. तुम्ही म्हणान तसं." पण आतल्या खोलीत प्लास्टरचा हात छातीशी धरून बसलेले धोंडबा दिसत होते आणि ते त्यांच्याचकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, थोडा वेळ द्या मले. मी काहीतरी करतो."

विदर्भातल्या आमच्या बायका 'करतो' म्हणतात, 'करते' नाही. सुमेध म्हणाला, "जानेवारीत येईन. तेव्हा पाहू."

'काहीतरी करतो' म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. भिंगरीला इंजेक्शन द्यायला त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या, तिथे प्राची भेटली. वैशाली नगरची पोर, वडील प्लांटमध्ये क्लार्क. डॉक्टरीण होऊन तिला थोडेच दिवस झाले होते. भिंगरीनं टेबलावरचा ट्रे उडवला, कापूस खोलीभर केला. प्राची रागावली नाही. तिनं भिंगरीला दोन्ही गुडघ्यांत धरून इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "आंटी, ही दिवसभर काय करते?"

"काय करन? घरात राहते. संध्याकाळी गल्लीत फिरवतो."

"मग तर ही घर तोडणारच ना. इसके अंदर का इंजन चालूच राहते." मग तिनं सांगितलं, की बोरसीच्या पुढे एका शेताला लागून मोकळी जागा आहे, तिथे दर रविवारी सकाळी ती कुत्र्यांना ॲजिलिटी शिकवते.

"ते काय असते?"

"कुत्र्यांची कसरत. दांड्यांवरून उड्या, बोगद्यातून पळणं, फळीवर चढणं, खांबांमधून नागमोडी जाणं. एकामागून एक, आपण सांगू तसं. पण त्याच्या आधी बसणं अन् थांबणं शिकवावं लागते. ते आलं नाही तर पुढचं काहीच नाही."

रत्नमालाबाईंना त्यातलं फक्त 'थांबणं' ऐकू आलं. त्या हो म्हणाल्या.

पहिल्या रविवारी स्कूटीवर पायांशी भिंगरीला बांधून, एका हातानं तिचं डोकं दाबत त्या बोरसीला पोहोचल्या. प्लास्टिकच्या पाइपांच्या दांड्या, ट्रकची टायरं रंगवून टांगलेली, तळ कापलेल्या निळ्या ड्रमांचा बोगदा. एक जर्मन शेफर्ड, दोन लॅब्रेडॉर, एक पांढरा झुबकेदार पोमेरेनियन आपापल्या मालकांपाशी शहाण्यासारखे बसलेले. भिंगरीनं ते दृश्य पाहिलं, इतका आनंद तिला एका वेळी कधीच झाला नव्हता. पट्टा हातातून गेला. ती शेफर्डभोवती दोनदा फिरली, बोगद्यात शिरली, बाहेर आलीच नाही असं वाटेपर्यंत पलीकडून सुटली, आणि तारेखालून शेजारच्या बाडीत, म्हणजे भाजीच्या मळ्यात. बाडी राधाबाईची, वांग्यांची. राधाबाई काठी घेऊन उभी राहिली.

"तोर कुकुर ह मोर जम्मो भाटा ला खूंद डारिस ओ," ती छत्तीसगढीत म्हणाली. तुझ्या कुत्र्यानं माझी सगळी वांगी तुडवली.

रत्नमालाबाईंनी हात जोडले, माफी मागितली, आणि पडलेली रोपं राधाबाईबरोबर बसून एकेक करून मातीत परत उभी केली. तो सगळा वर्ग त्यांचा वाफ्यातच गेला. पण शेफर्डवाले साहेब स्वतः तारेपलीकडे येऊन भिंगरीला पकडून घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या कुत्र्यानं पहिल्या दिवशी कुणाचं तरी जानवं ओढलं होतं." रत्नमालाबाईंना बरं वाटलं.

घरी अभ्यास सुरू झाला. फाटकापाशी थांब, पायरीपाशी बस. प्राचीनं सांगितलं होतं की घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. धोंडबा तिला 'बैठ' म्हणत, रत्नमालाबाई 'बस'. धोंडबा 'बैठ' म्हणून ती बसायच्या आधीच बिस्किट देऊन मोकळे होत.

"मामाजी, बसल्यावर द्या ना."

"बसनच होती ते. मनात होतं तिच्या."

असं रोज चालायचं. पण घरात आता मिठाच्या पलीकडे काहीतरी बोलणं होत होतं. समोरच्या घरात मला ऐकू येई.

थांबणं जमू लागलं तशी प्राचीनं भिंगरीला दांड्यांवर आणलं, आणि तिथे गाडी अडली. रत्नमालाबाई मैदानाच्या मधोमध उभ्या राहून 'उडी, उडी' म्हणत. भिंगरी एक दांडी उडायची, वळून बघायची, आणि त्यांच्याभोवती फिरायला लागायची. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"आंटी," प्राची म्हणाली, "ती तुमचं तोंड नाही बघत. तुमचे पाय बघते. पाय जिकडे जातील तिकडे ती जाईल. तुम्ही उभ्या राहिल्या तर ती काय करेल? तुम्हाला पळावं लागेल."

"मी?"

"हो. आज भिंगरीला बांधून ठेवू. आज फक्त तुम्ही पळा, पूर्ण रस्ता. सगळेच आधी एकटे पळतात."

ते खरं होतं, बाकीचेही पळत. पण बाकीचे तरुण होते, नाहीतर पुरुष होते. रत्नमालाबाई सुती साडीत होत्या, पायात सँडल. त्यांनी पदर खोचला, चार पावलं भरभर टाकली आणि थांबल्या. "आज गुडघा दुखून राहिला," म्हणाल्या. गुडघा दुखत नव्हता. भिंगरीला घेऊन त्या घरी आल्या आणि पुढच्या रविवारी गेल्याच नाहीत.

त्या सकाळी धोंडबा बाहेरच्या खाटेवर बसले होते. प्लास्टर निघालं होतं, मनगट वाळक्या काकडीसारखं दिसत होतं. भिंगरी स्कूटीपाशी जाऊन उभी राहिली, परत आली, पुन्हा जाऊन उभी राहिली.

"कावून नाई गेली आज?" त्यांनी विचारलं.

"नाही गेली. जमत नाही मले."

"काय नाई जमत?"

रत्नमालाबाईंनी तांदळाचं सूप पुढे ओढलं. मग तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पळाले सांगते ती पोरगी. सगळ्यांसमोर. मी साठीची बाई, मामाजी. पळताना कशी दिसन?"

धोंडबांनी विचार केला. "कशी दिसन म्हंजे? पळतानी दिसशीन."

रत्नमालाबाईंना हसू आलं. म्हातारबुवा हसले नाहीत. म्हणाले, "कोक ओव्हनवर मजूर बाया होत्या आमच्यासंगं. रेजा. सायरन झाला का पदर, लुगडं काई नाई पाहत. पळे. कोनी हासलं नाई कधी. ते हासन्याची जागाच नव्हती." मग म्हणाले, "लोकाले पाहू दे. तू कुत्र्याकडं पाह्य."

सोमवारी रत्नमालाबाई सुपेल्याच्या बाजारात गेल्या आणि पांढरे कॅनव्हासचे जोडे घेऊन आल्या, शाळेच्या पोरी घालतात तसले. सलवार कमीज त्यांनी अनुजाचा काढला, बाळंतपणाला आली तेव्हा ती ठेवून गेली होती तो. शनिवारी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते तर मला त्या दिसल्या. मागच्या बोळात, जिथे कुणी येत नाही तिथे, त्या एकट्याच धावत होत्या. हात कसे ठेवायचे ते कळत नव्हतं, कोपरं बाहेर काढून, मान पुढे घालून. बोळाच्या टोकापर्यंत गेल्या, भिंतीला हात लावला, परत आल्या. त्यांना मी दिसू नये म्हणून मी खाली वाकले.

त्यानंतर त्यांनी रविवार चुकवला नाही. एकदा खांबांपाशी पाय अडकून पडल्या, दोन्ही तळवे खरचटले. घरी आल्यावर हळद लावताना धोंडबांनी पाहिलं आणि आपलं मनगट त्यांच्यापुढे धरलं. "एकाले एक," म्हणाले. भिंगरीचं म्हणाल तर ती बदलली असं कुणी म्हटलं नसतं. गल्लीत ती तशीच उसळायची. पण मैदानात रत्नमालाबाईंचे पाय हलले की ती त्यांच्याकडे एक डोळा ठेवून धावायची, बोगद्याकडे बोट गेलं की बोगद्यात, तळहात पुढे आला की थांबायची. कधी थांबायची, कधी नाही. राधाबाई तारेपाशी येऊन तोंडाला पदर लावून बघत बसायची. तिला भिंगरीपेक्षा बाईंचं धावणं बघायला जास्त आवडतं, हे तिनंच सांगितलं.

जानेवारीत सुमेध आला. योगायोग असा की त्या रविवारी प्राचीनं सगळ्यांची मिळून एक छोटी चाचणी ठेवली होती. धोंडबांनी आदल्या दिवसापासून हट्ट धरला होता की आपणही येणार. सुमेधच्या गाडीत पुढे ते दोघं, मागे मी, आणि रत्नमालाबाई स्कूटीवर भिंगरीला घेऊन. सुमेधच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो निर्णय घेऊनच आलाय. डिकीत बाबांसाठी नवी बॅगही होती, मी पाहिली.

मैदानाच्या कडेला धोंडबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल. शेफर्डचं झालं, लॅब्रेडॉरचं झालं. मग रत्नमालाबाई आल्या. पांढरे जोडे, ओढणी कमरेला गुंडाळलेली. सुमेधनं वहिनीला असं कधी पाहिलंच नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला.

त्या सुटल्या. पहिली दांडी, दुसरी, टायर. भिंगरी बाणासारखी, आणि शेजारून रत्नमालाबाई कोपरं बाहेर काढून, मान पुढे घालून. बोगद्यातून ती बाहेर आली तेव्हा लोक टाळ्या वाजवू लागले. आणि त्या टाळ्यांनीच घात केला. भिंगरीनं मान वळवली, टाळ्यांच्या दिशेला तिला खुर्चीतले धोंडबा दिसले, आणि दांड्या, खांब सगळं सोडून ती सरळ त्यांच्याकडे निघाली. पूर्ण वेगात.

सुमेध उठला. मी उठले. धोंडबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण मागे सरकले नाहीत. रत्नमालाबाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांच्यात ओरडायला श्वास नव्हता. ओरडल्या असत्या तरी टाळ्यांत ऐकू गेलं नसतं. त्या फक्त पळाल्या. इतक्या जोरात की त्यांचा एक जोडा सुटला. भिंगरीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते पाय आले. तिनं मान फिरवली. रत्नमालाबाईंनी तळहात पुढे केला.

भिंगरी धोंडबांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर बसली. सगळं अंग थरथरत होतं, शेपटी मातीत झाडूसारखी फिरत होती, पण बसली. धोंडबांनी वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बैठ," म्हणाले, ती बसल्यावर.

मग तिनं बाजूला उभ्या असलेल्या सुमेधच्या छातीवर उडी मारली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर दोन पंजे उमटवले. चाचणीतून अर्थातच ती बाद झाली.

वर्ग सुटल्यावर राधाबाईनं आम्हाला बाडीच्या बांधावर बसवून चहा दिला. सुमेध शर्टावरची माती झटकत होता. मला वाटलं, झालं, आता प्रश्न मिटला. पण तो हळूच म्हणाला, "वहिनी, कुत्र्याचं मी मानलं. तुम्ही जे केलं तेही पाहिलं. पण बाबाले मी नेतोच."

रत्नमालाबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"कुत्र्याची गोष्टच नव्हती," तो खाली बघत म्हणाला. "दादा गेला तेव्हा मले येता आलं नाही. रस्ते बंद होते. फोनवर ऐकलं अन् घरात बसून राहिलो. बाबाच्या बाबतीत तसं झालं तर? माझ्याकडं ते चार दिवसही राहिले नाहीत कधी."

दादा हा शब्द त्या दोघांसमोर उच्चारला गेल्यालाच बराच काळ झाला होता. धोंडबांनी बशीतला चहा संपवला.

"तू नेतो म्हनून राहिला," ते म्हणाले. "हे ठेवतो म्हनून राहिली. मले कोनं इचारलं?"

सुमेध गोंधळला. "सांगा ना बाबा."

"सांगतो. पन आधी हिले इचारतो." ते सुनेकडे वळले. "रत्ना, खरं सांगजो. तुले जड तं नाई होत ना मी? अमरदीप होता तोवर गोष्ट येगळी होती. तू पोरीकडं जाऊ शकत होती. माह्यासाठी अडकली का?"

रत्नमालाबाईंच्या एका पायात जोडा होता, एक पाय मातीत. त्यांनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता ते वाक्य येणार. पण त्या म्हणाल्या, "अडकली नाही मी. मले तुम्ही इथं पाहिजे, मामाजी." आणि मग त्या मामाजींच्या समोर रडल्या, पहिल्यांदा. त्यांचेही डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

थोड्या वेळानं धोंडबा म्हणाले, "अमरदीप लहानपनी असाच पळे. कोपरं भायेर काहाडून. हिले पाहून आठवलं." आणि सुमेधला सांगितलं, "पावसाळ्यात तुयाकडं येतो. चार महिने. थे बॅग ठेवून जाय इथंच, लागन मले."

तसंच झालं. पावसाळ्यात ते नागपूरला गेले. ते चार महिने रत्नमालाबाईंना घर खायला उठलं, हे त्या लपवत नव्हत्या. रोज संध्याकाळी फोन लावून त्या भिंगरीचं भुंकणं ऐकवत. तिकडे सुमेधच्या बायकोला म्हातारबुवांची सवय झाली, ते परत निघाले तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला म्हणे. ऑक्टोबरात आले ते नातवाचे जुने बूट घालून आले आणि गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरले.

भिंगरी आता तीन वर्षांची आहे. मागच्या हिवाळ्यात रायपूरला एक मोठी स्पर्धा झाली, आजूबाजूच्या गावांतून कुत्री आली होती. प्राचीनं आग्रह केला, रत्नमालाबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. मी आणि धोंडबा प्रेक्षकांत. धोंडबांनी आजूबाजूच्या दहा जणांना आधीच सांगून ठेवलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत. भिंगरीनं एकही दांडी पाडली नाही, एकही खांब चुकवला नाही. वेळ मात्र सगळ्यांत जास्त लागला, कारण बाई त्याहून जोरात पळू शकत नव्हत्या आणि भिंगरी त्यांना सोडून पुढे जात नव्हती. नंबर शेवटचा आला. परतीच्या वाटेवर कुम्हारीला थांबून आम्ही भजी खाल्ली आणि अंधार पडायच्या आत घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नमालाबाईंचे गुडघे असे धरले की त्यांना खाटेवरून उठवेना. मी विचारपूस करायला गेले तर धोंडबा स्वयंपाकघरात होते. आयुष्यात पहिल्यांदा चहा करत होते आणि कोणत्या डब्यात काय आहे ते आतून सून ओरडून सांगत होती. चहा भयंकर गोड झाला होता. आम्ही तिघांनीही तो पूर्ण प्यायला.